बाऊजींच्या मोजड्या

आमच्या गल्लीत उन्हाने आजवर कोणीही दगावलेलं नाही. दुपारी मोजायला कोणी बाहेर पडत नाही, हेही त्याचं एक कारण असावं.

माझे वडील, बाऊजी, ब्याऐंशीचे. चार वर्षांपूर्वी विकलेलं भुजियाचं दुकान उघडायला ते रोज भर दुपारी निघतात.

"बिकानेरचं ऊन मला ओळखतं," ते आजही म्हणाले.

"ओळखीच्यांनाच आधी नेतं, बाऊजी."

मी त्यांच्या मोजड्या माझ्या पिशवीत लपवल्या, घराच्या एकुलत्या एक दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि नाक्यावरच्या पाणपोईत माझ्या पाळीला बसलो. तिची खिडकी मुद्दाम बुटकी ठेवलेली आहे. पिणाऱ्याची फक्त ओंजळ दिसते. तहानलेल्याचा चेहरा बघायचा नाही, असा इथला दंडक.

दोनच्या सुमाराला एक ओंजळ आली. मी झारीची धार धरली. झारी संपली. मग आख्खा माठ संपला. खाली थेंबही सांडला नाही.

"जरा दमानं, भाईसा," मी म्हणालो.

तेव्हा दिसलं, उजव्या हाताला करंगळी नव्हती. बाऊजींनाही नाही.

मी धावत बाहेर आलो. रस्ता रिकामा होता. घराचं कुलूप जागच्या जागी होतं, हात भाजेल इतकं तापलेलं. आत बाऊजी खाटेवर पडले होते.

"पाण्यात वाळा टाकत जा," ते कुरकुरले. "आणि बापाला भाईसा म्हणतोस होय रे?"

त्यांच्या तळपायांना टरटरून फोड आले होते.

मोजड्या माझ्या पिशवीतच होत्या.