टॉवेल वाळला तर

गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता गंगापूर रोडवरच्या बाथरूम फिटिंगच्या एका दुकानात कारभारी अहिरे यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्यावर पाण्याची बाटली उपडी केली आणि तो भिंतीवरच्या, विजेवर तापणाऱ्या टॉवेल-रॅकवर टाकला. पाणी खालच्या नव्या बेसिनमध्ये ठिबकू लागलं. बेसिन नुसतं दाखवायला मांडलेलं होतं, त्याला खाली पाइप नव्हता. पाणी फरशीवर आलं.

“पिळा तरी,” मालनबाई म्हणाल्या.

“घरी कुठं पिळतो मी?”

“घरी मी पिळते.” त्यांनी नवऱ्याचा टॉवेल उतरवला, दारातल्या कुंडीवर घट्ट पिळला आणि परत आणून रॅकवर पसरला. विक्रेती भाग्यश्री पोछा घेऊन आली.

पैज कारभारींनीच लावली होती. दर थंडीत हे नवराबायको नामपूरहून नाशिकला धाकट्या मुलाकडे पंधरा दिवस राहायला येत आणि चौथ्या दिवशी परत जात. कारण ठरलेलं: तुमच्या फ्लॅटात टॉवेल वाळत नाही, ओल्या टॉवेलानं अंग पुसलं की सर्दी होते. ते गेले की नात वेदिका दोन दिवस आईशी बोलत नसे, जणू आईनंच त्यांना घालवलं. यंदा तिसऱ्याच दिवशी सून तेजस्विनीनं रजा टाकली आणि दोघांना रिक्षात बसवून इथं आणलं. दुकानाच्या पायरीवर कारभारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, “टॉवेल वाळला तर महिनाभर राहीन.”

“काका, एवढं तपासायची गरज नाही,” भाग्यश्री म्हणाली. “कंपनीची गॅरंटी आहे. टायमर आहे, शॉक लागत नाही.”

“पोरी, कांद्याची ट्रॉली उकरल्याबिगर आमच्या मार्केटात बोली लागत नाय. वरचा कांदा सगळ्यांचाच चांगला राहतो.”

मग टॉवेल वाळायची वाट बघत सगळे बसले. चहा आला. कारभारींचा हात मधूनमधून रिकाम्या खांद्याकडे जाई आणि परत मांडीवर येई. मालनबाईंनी शेजारच्या रॅकवर तळवा ठेवला, तो काढलाच नाही.

“यावर कुरडया मस्त वाळतील.”

“आई, बाथरूममध्ये?” तेजस्विनी म्हणाली.

“मग हॉलमध्ये लाव.”

 भाग्यश्रीनं घाईनं चहाचा घोट घेतला.

थोड्या वेळानं कारभारी सुनेला म्हणाले, “समज, वाळला. मग महिनाभर आठे तुमच्या फ्लॅटात करू काय मी? तिसऱ्या मजल्यावरून रस्ता मोजू?”

 तेजस्विनीनं भाग्यश्रीला रॅक आणखी तापवायला सांगितलं.

दीड वाजता दुकान जेवणासाठी बंद व्हायचं. त्याच्या जरा आधी भाग्यश्रीनं टॉवेल चाचपला. वाळला, म्हणाली. तेजस्विनीनं चाचपला. वाळला होता. कारभारी उठले. त्यांनी टॉवेल उलगडला, सुलटा पाहिला, उलटा पाहिला, मग एका टोकाशी दुमडून शिवलेला जाड काठ शोधून चिमटीत धरला.

“ओलं शे.”

 तेजस्विनीनं पर्स उचलली.

मालनबाई मात्र उठून नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. “जन्मभर व्यापाऱ्याला शिव्या दिल्या तुम्ही. लिलावात भाव एक बोलतो, अन् ट्रॉली खाली झाली की म्हणतो, तळाचा माल ओला निघाला, भाव पाडून देतो. आज तुम्ही तेच करू राहिले. अन् तेही कुणासंगं? सुनेसंगं!”

भाग्यश्रीला हसू आवरेना. तेजस्विनीनं तोंडावर ओढणी धरली. कारभारींनी आधी बायकोकडे पाहिलं, मग चिमटीतल्या काठाकडे.

“थोडं दमट शे, इतलंच म्हटलं मी.”

“दमट नाय अन् काय नाय. ते गरम शे. गरम अन् ओलं कळत नाय का तुम्हाला?”

“मॅडम, कोणता काढू?” भाग्यश्रीनं विचारलं. “तीन दांड्यांचा आहे, पाचचा आहे. घरात किती जण?”

तेजस्विनी सासऱ्यांकडे बघत राहिली. त्यांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि छताकडे पाहिलं.

“पाच,” मालनबाई म्हणाल्या.

पाच दांड्यांचा खोका काउंटरवर आला. कारभारींनी तो एकदा उचलून वजन पाहिलं, खाली ठेवला, खिशातून फोन काढला आणि संतोषला लावला. संतोष हा थोरला मुलगा; नामपूरची शेती तोच बघतो. “आठे आवाज येत नाय,” म्हणून ते बाहेर फुटपाथवर गेले. भाग्यश्रीनं अर्धं शटर ओढून घेतलं.

“उद्या परतायच्या गाडीचं सांगतायत की काय?” तेजस्विनीनं विचारलं.

“ऐकू तर येऊ दे,” मालनबाई म्हणाल्या आणि शटरखाली वाकल्या.

रिक्षांच्या हॉर्नमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं. दिसत एवढंच होतं की कारभारींनी फोन कानाशी दाबून धरला आहे आणि मोकळ्या हातानं ते नामपूरच्या संतोषला हवेत एकाखाली एक पाच आडव्या दांड्या काढून दाखवत आहेत.