दोन बोटांची फट

अर्धांगवायूनं अण्णांची वाचा नेली, तेव्हापासून पलंगावरून दिसणारी खिडकी हेच त्यांचं जग होतं. समोरच्या इमारतीत त्यांचे जुने मित्र दाबके राहायचे. गुडघे गेल्यानं त्यांचं येणं थांबलं होतं, पण रोज पाचला ते गॅलरीतून काठी उंचावायचे.

खिडकीपाशीच्या टेबलावर मुलाचे दोन मॉनिटर होतेच. त्या दुपारी त्यानं तिसरा मांडला आणि खिडकी झाकली गेली. दोन बोटांची फट तेवढी उरली.

पाच वाजता त्या फटीत काठी वर झाली. वाकड्या तोंडानं का होईना, अण्णा हसले.

मुलानं त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं.

"हसू नका अण्णा, ती फट मलाही खटकतेय," म्हणत त्यानं मॉनिटर एकमेकांना भिडवले. "बघा, आता कसं सलग दिसतंय."