निळ्या साडीवाली
२००४च्या स्ट्रोकनंतर आईची उजवी मूठ उघडेचना. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या हॉस्पिटलात फिजिओ जोन रबरी चेंडू द्यायची. आई तो बाजूला सारायची. ती भिंतीवरच्या जपानी चित्राकडे बघायची. त्यात किमोनो घातलेल्या दोघी बायका कापडी पुरचुंड्या उडवून झेलत होत्या. आई म्हणाली, "सागरगोटेच की गं! पण निळ्या साडीवालीचं लक्ष नाही, हरणार ती." मी हे गमतीने जोनला सांगितलं. पुढच्या मंगळवारी तिने मोज्यांत तांदूळ भरून पाच पुरचुंड्या आणल्या. आईने डाव्या हाताने एक उडवली. झेलायला उजवी मूठ जराशी उघडली. आठ महिन्यांनी, शेवटच्या दिवशी, आईने उजव्या हाताने जोनला कुंकू लावलं. मग त्याच हाताने, केसातल्या पिनेने चित्रातल्या दोघींनाही लावलं. "आई, काच खराब होईल!" "यांनीच मला खेळायला घेतलं." मी पुसायला गेले, जोनने अडवलं. वाटाण्याएवढ्या चेहऱ्यांवर दोन्ही ठिपके भुवयांच्या मधोमध होते.