शनिवारचा घास

१९६३ साली बाबा इस्रायलमध्ये रामल्याजवळच्या एका गावात गोठ्यावर कामाला होते. शनिवार आम्हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; विळ्याला हात लावायचा नाही, म्हणून गाईंचा शनिवारचा हिरवा घास ते शुक्रवारीच कापून सावलीत पातळ पसरून ठेवत. कोकणात आमच्या तेलघाण्याचा बैलसुद्धा शनिवारी दावणीलाच बसून पेंड खायचा.

मालकाच्या मुलाचं, अमोसचं आणि माझं मन जुळलं होतं. मालकाने बाबांना चारा मुरवायच्या खड्ड्यापाशीच सुनावलं, "हिलेल, तू माणूस भला आहेस. पण तुम्ही हिंदुस्थानातून आलेले लोक खरे ज्यू आहात की नाही, कोण सांगणार? तुमच्या घरातली सून मला नको."

अमोस शेजारीच मान खाली घालून उभा होता.

पुढच्याच शनिवारी सकाळी तो प्रार्थनेचा पांढरा सदरा घालून आमच्या दारात आला. आई माझ्या कानाशी कुजबुजली, "जेमा, बापाला न जुमानता आला बघ पोरगा!" मी घाईघाईने केस सारखे केले.

"बाबांशी बोलायचं आहे," अमोस म्हणाला. बाबा पुढे झाले.

"गाई सुटल्या आणि त्यांनी सगळा घास तुडवला. थोडा नवा कापून द्याल का?"

मग माझ्याकडे बघून तो ओशाळं हसला.



"आम्हाला आज विळा धरता येत नाही ना. आमचा शब्बाथ आहे."