शंभराच्या पुढे

"पोरांनो, यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही," सर म्हणाले, आणि संगीतशाळेतला त्यांचा शेवटचा तास किस्स्यात गेला.

सर या देशात नवखे होते तेव्हाची गोष्ट. वाद्यवृंद चालवायची नोकरी मिळाली, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. पहिला कार्यक्रम पडला, तर गाशा गुंडाळून परत. स्वरलिपीच्या कागदावर दर चौकटीला आकडा असतो. सरांनी आकडा सांगायचा, साठ वादकांनी तिथून वाजवायचं. रचना तीनशे बारा चौकटींची, आणि सरांना इथल्या भाषेतले आकडे येत होते शंभरापर्यंत! विचारायची लाज वाटली. मग काय, तिन्ही महिने पहिल्या शंभर चौकटीच घोटून घेतल्या.

"आणि कार्यक्रमात पुढचं कसं वाजलं, सर?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"भुवयांवर!" सर म्हणाले. "वादकांना इशारे करायची काठी सरळ खिशात घातली. डावी भुवई उचलली की व्हायोलिनं, उजवी उचलली की तुताऱ्या. एक सूर इकडचा तिकडे नाही. लोक उभे राहिले, नोकरी पक्की झाली. चाळीस वर्षं झाली, भुवयांचं हे गुपित मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही."

कोपऱ्यात व्हायोलिनला तारा चढवत बसलेल्या सरांच्या बायकोने मान वर केली. लग्नाआधी ती त्याच वाद्यवृंदात दुसऱ्या रांगेत वाजवायची.

 

"अहो, साफ खोटं! तुमची बस सुटली की आम्ही साठही जण परत आत यायचो. शंभराच्या पुढची तालीम रोज मी घेत होते."