हेगिलाचा समाधीस्तंभ

"चेहरा हुबेहूब हवा," निकेरातोस म्हणाला. "बाकी तुम्ही नेहमी घडवता तसं घडवा."

थ्रासिलोसने छिन्नी खाली ठेवली. अथेन्सच्या वेशीबाहेर तीस वर्षं तो समाधीचे स्तंभ घडवत होता, पण असं कुणी मागितलं नव्हतं. या कामात सगळ्या बायकांचं नाक एकच, नजर खाली, अंगावर चुण्याचुण्यांचं वस्त्र. गेलेली व्यक्ती खुर्चीवर बसलेली, मागे राहिलेली समोर उभी, हातात हात. स्तंभाच्या माथ्यावर दगडी पानांचा पंखा. कोण गेलं ते लोक नावावरूनच ओळखायचे.

"तुमच्या बायकोला मी कधी पाहिलेलं नाही," तो म्हणाला.

"तिची बहीण मेगाराहून आलीय. दोघी एका साच्यातल्या. तिलाच आणून बसवतो. फक्त तिच्याशी बोलू नका. विषय निघाला की तिला रडू आवरत नाही."

दुसऱ्या सकाळपासून ती येऊ लागली. निकेरातोस स्वतः तिला हाताला धरून आणायचा, खुर्चीत बसवायचा, पायाखाली चौरंग सरकवायचा, कुपीतलं मधाचं पाणी पाजायचा. मग सावलीत उभा राहून एकटक बघायचा. ती हूं की चूं करायची नाही.

थ्रासिलोसची बायको मेलिता रंग कुटता कुटता हे पाहायची.

"मेहुणीला किती जपतो बघ! नाहीतर तू. मी मेले की उरलासुरला तुकडा लावशील माझ्या डोक्याशी."

"तुकडा कसा पुरेल? तुझ्या तोंडाला अख्खा डोंगर लागेल," थ्रासिलोस म्हणाला.

तो हसला खरा, पण आठव्या दिवशी त्याचा हात अडला. दगडातला गाल भरलेला होता, समोरच्या बाईचा आत गेलेला. त्याने दगड जरा खरवडून आत घेतला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग डोळ्यांखाली. मग गळ्याची हाडं. दगड कमी करता येतो, वाढवता येत नाही. तो कमी करत राहिला.

"दुःखानं खंगलीय," निकेरातोस शांतपणे म्हणाला. "आता दिसते तशीच घडवा. आणि अमावास्येच्या आत संपवा."

शेवटच्या दिवशी नाव कोरून झालं. निकेरातोस बैलगाडी बघायला गेला. मेलिता पाणी आणायला विहिरीवर गेली होती. ती बाई खुर्चीतून उठली, भिंतीला धरून स्तंभापाशी आली आणि अक्षरांवरून बोट फिरवू लागली.

"बोलायचं नाही म्हणून बजावलंय मला," ती पुटपुटली. "तुमचं काम बिघडतं म्हणे. पण काका, एक विचारू? छान दिसतेय मूर्ती. हे वर काय लिहिलंय? मला वाचता येत नाही."

थ्रासिलोस तिच्याजवळ आला. एवढे दिवस या पोरीचं सांत्वन करायचं त्याच्या मनात होतं.

"तुमच्या बहिणीचं नाव आहे, बाई. हेगिला, फिलाग्रोसची मुलगी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग सुकलेल्या ओठांनी पहिल्यांदाच हसली.

"थट्टा करता होय, काका? बाबांना मी एकुलती एक. हेगिला मीच की!"