माळावरची तूर

कार्तिक लागला तरी माणच्या माळावर वैशाखासारखं ऊन होतं. तुरीचा सगळा फुलोरा गळून पडला. सलग तिसऱ्या वर्षी असंच झालं. "ह्या माळावर आता तूर येत नाही," म्हणत सुगंधाच्या सासऱ्यांनी उभ्या पिकात शेळ्या सोडल्या.

सुगंधा काठी घेऊन आडवी गेली. सगळ्या शेतात चारच झाडांनी फुलं धरून ठेवली होती. त्यांच्याभोवती तिनं बाभळीचे काटे लावले आणि शेंगा वाळेपर्यंत राखण केली. शेजारणी हसल्या, "आली चार झाडांची जहागीरदारीण!" शेवटी मूठभर बी तिच्या हाती आलं.

पुढच्या पावसाळ्यात तिनं ते वेगळ्या दोन ओळींत पेरलं. कार्तिकात ऊन पुन्हा तसंच तापलं आणि पुन्हा फुलं गळाली. पण ह्या खेपेला त्या दोन ओळींतली अकरा झाडं शेंगांनी वाकली.

सासऱ्यांनी एक शेंग सोलली. दाणे टपोरे होते. तरी ते म्हणाले, "अगं, अकरा झाडांत महिनाभराची आमटी तरी व्हईल का?"

"आमटी कसली, मामंजी? हे सगळं पेरायचंय," सुगंधा म्हणाली. "ऊन दरसाल वाढणार असंल, तर आपली झाडंबी दरसाल वाढतील."